पेटीला दम लागत नाही

कार्यक्रमात भोंग्यातून शिट्टी वाजली की सगळं मैदान मान वळवून कोणाकडे बघतं? गाणाऱ्याकडे नाही, निवेदकाकडे तर नाहीच. मागे टेबल मांडून बसलेल्या साउंडवाल्याकडे! तो साउंडवाला मी. नाशकात पंचवटीत माझं दुकान होतं, आता भाचा चालवतो. लग्नं, गणपती, गॅदरिंग, पुढाऱ्यांच्या सभा, भजनं, ऑर्केस्ट्रे, सगळं करून झालं. इतकी वर्षं अशा नजरा झेलल्यावर माणूस संशयी होतोच. आमची ही म्हणते, "तुम्ही आरतीतसुद्धा डोळे मिटत नाही. टाळ कोण चुकवतोय ते बघत बसता." बघतो की! चुकवणारा चुकवतो आणि लोक म्हणतात माइक खराब आहे.

आमच्या कामात पहिला संशय वायरीवर घ्यायचा. मग माइकवर, मग जनरेटरवर, आणि सगळ्यात शेवटी माणसावर. हा क्रम मला माझ्या उस्तादांनी शिकवला. पण नव्वदच्या दशकात ऑर्केस्ट्रावाल्यांनी तो उलटा करून टाकला. की-बोर्डात फ्लॉपी घालायची, बटण दाबायचं, आणि स्टेजवर नसलेले व्हायोलिनवाले, ढोलवाले, बासरीवाले वाजायला लागायचे. वाजवणारे नुसते हात हलवायचे. पुढे गाणारेही तेच करायला लागले. गोदाघाटाजवळच्या एका पाडवा पहाटेला एका गायकाच्या हातातून माइक पडला आणि गाणं तसंच चालू राहिलं! लोक हसले, समितीचे लोक मात्र इतके खजील झाले की विचारू नका.

सांगायचंय ते 'तिरकस'बद्दल. हे एका बँडचं नाव. लग्नातला बँड नाही, आणि गाणाराही कोणी नाही. चौघं नुसती वाद्यं वाजवायचे. विलास की-बोर्डवर, रेणुका बेस गिटारवर, केरू संबळावर आणि आप्पा सॅक्सोफोनवर. पहिल्यांदा माझ्या दुकानात आले तेव्हा विलास म्हणाला, "मधुकाका, आम्ही जॅझ फ्यूजन वाजवतो."

मी म्हटलं, "म्हणजे काय करता?"

त्यानं समजावलं, ते मी माझ्या भाषेत सांगतो. चौघांनी मिळून एक चाल वाजवायची. मग एकानं ती चाल सोडून मनाला येईल तिकडे भटकायला जायचं. बाकीच्यांनी तोवर घर धरून बसायचं, ताल सोडायचा नाही. तो भटकून घरी आला की दुसऱ्यानं निघायचं. काय वाजवणार ते आधी लिहिलेलं नसतं. हे झालं जॅझ. त्यात आपला संबळ, आपले सूर मिसळले की फ्यूजन. मला पटलं नाही. आधी ठरलेलं नाही, तर चुकलं कधी ते कळणार कसं? सरळ सरळ चूक लपवायची सोय दिसते, असं मनात म्हणालो आणि सामान टेम्पोत चढवलं.

विलास मूळचा मालेगावचा, सातपूरला कारखान्यात नोकरीला. चाली तोच बांधायचा. बोलायला गोड, आणि गोड बोलणाऱ्याची मला आधीपासून धास्ती. रेणुका इंदिरानगरात गणिताच्या शिकवण्या घ्यायची. ती सात मात्रांचे, साडेनऊ मात्रांचे हिशेब पायाच्या अंगठ्यानं करायची आणि कोणी चुकलं की त्याच्याकडे नुसती बघायची. केरू सुरगाण्याकडचा. त्याच्याकडे संबळ घराण्यात चालत आलेला. थोडीशी ओल लागली तरी संबळाचं कातडं सैल पडतं, म्हणून तो माझ्या फोकसच्या दिव्यापुढे संबळ धरून शेकत बसायचा. मी ओरडायचो, "अरे, दिवा फुटेल!" तो म्हणायचा, "नाय फुटत काका, लांब धरलाय."

आणि आप्पा. साठी ओलांडलेले, बारीक अंगाचे, पांढरा शर्ट पँटीत खोचलेला. मालेगावला लग्नाच्या बँडमध्ये त्यांनी जन्म घालवला. विलास लहानपणी त्यांच्या वरातीमागे धावायचा. मोठा झाल्यावर 'तिरकस' काढला तेव्हा सगळ्यात आधी त्यांनाच घेऊन आला. आप्पा आमच्याशी मराठीच बोलायचे, पण आतलं काही बोलायचं झालं की अहिराणीवर यायचे. वरातीच्या कल्लोळात वाजवायची सवय, त्यामुळे फुंकीला एवढा जोर की सुरुवातीला मी त्यांचा माइक जवळजवळ बंदच ठेवायचो.

या लोकांबरोबर मी गावोगाव फिरलो. चांदवडला एका कांदा व्यापाऱ्यानं मुलाच्या साखरपुड्याला यांना बोलावलं होतं. पहिली चाल झाली, दुसरी झाली. शेटजी माझ्या टेबलापाशी येऊन कानात म्हणाले, "गाणारा कुठं अडकलाय?"

"गाणारा नाहीच, शेट."

"म्हंजे? मला अर्धाच बँड पाठवला का?" ते माझ्यावरच वैतागले. "लय झालं आता हे. शब्द कवा येणार?"

मी म्हटलं, यात शब्द येत नाहीत, आणि लपवलेलंही काही नाही. त्यांचा विश्वास बसेना. जेवणं होईपर्यंत ते स्टेजच्या मागे वाकून बघत होते, मी गायक लपवून ठेवल्यासारखे. शेवटी 'कांद्याची चाळ' नावाची संथ चाल लागली. तीत आप्पा सॅक्सोफोन वर वर चढवत नेतात आणि एका उंच सुरावर थांबतात. शेटजी वाकून बघायचे थांबले. मग मला म्हणाले, "म्हातारा रडवतो राव." चालींना शब्द नसायचे, म्हणून विलासनं त्यांना अशी ओळखीची नावं दिली होती.

मधे बरीच वर्षं गेली. बँड नाशिकपुरता का होईना, नावारूपाला आला. आणि मग एका कॉलेजच्या हॉलमध्ये मला पहिली शंका आली.

'कांद्याची चाळ' चालू होती. आप्पांनी दम घ्यायला तोंड बाजूला केलं, आणि सॅक्सोफोनचा सूर चालूच राहिला. अगदी क्षणभर. मग त्यांनी पुन्हा तोंड लावलं. मला वाटलं हॉल घुमतोय. दुसऱ्यांदा तेच झालं. मी वायर तपासली, माइक बदलला. वायर चोख, माइक चोख. उस्तादांच्या क्रमाप्रमाणे आता माणसावर यायचं होतं.

माझ्या मशीनवर प्रत्येक वाद्याची वेगळी वायर येते आणि प्रत्येकाचं वेगळं, वर-खाली सरकणारं बटण असतं. हेडफोन लावला की मी कोणालाही एकट्याला ऐकू शकतो. बाकी हॉलला सगळं एकत्र, मला एकटा आप्पा. मी आप्पांना एकटं ऐकलं. खालचे सूर होते, जरा कापरे. चाल वर चढली आणि हेडफोनमध्ये नुसती हवा आली. फुस्स. मधेच एक चिरका आवाज. मग मी विलासला एकटं ऐकलं. त्याच्या की-बोर्डातून पेटीच्या सुराबरोबर सॅक्सोफोनचा बनावट सूर येत होता, बरोबर तेच उंच सूर, जिथे आप्पांची हवा जात होती तिथे.

म्हणजे पाणी इथे मुरत होतं! मला इतका संताप आला. चांदवडच्या शेटजीला मी छातीठोकपणे सांगितलेलं की यात काही लपवलेलं नाही. आणि हे दोघं संगनमतानं लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकत होते. उंच सुरांना आप्पा निव्वळ गाल फुगवत होते असं मी धरून चाललो.

त्याच आठवड्यात पाडवा पहाटवाल्या समितीचे सेक्रेटरी दुकानात आले. माइक पडल्यापासून ते दुधानं तोंड पोळलेल्या माणसासारखे ताकही फुंकत होते. म्हणाले, "यंदा 'तिरकस' ठेवलाय. पण मधुभाऊ, सगळं जिवंत वाजलं पाहिजे. मी तुमच्या टेबलाशीच उभा राहणार. काही खोटं वाटलं तर सरळ सांगा, बँडला खाली उतरवू."

मी हो म्हटलं आणि विलासला चहाला बोलावलं.

"तुझ्या की-बोर्डात सॅक्सोफोन कशाला लागतो रे? तुमच्याकडे एक आहे की."

त्याचा चहा हातातच राहिला. मग कप खाली ठेवत म्हणाला, "काका, आप्पांना कळता कामा नये."

"आप्पांना कळता कामा नये? ते यात नाहीत?"

मग त्यानं सांगितलं. आप्पांचे वरचे दात गेले होते, कवळी बसवली होती. सॅक्सोफोनच्या तोंडावर वरचे दात घट्ट टेकवावे लागतात. कवळी हलते, पकड सुटते, उंच सूर फुटतात. विलासनं पहिल्यांदा एका कार्यक्रमात ते फुटताना ऐकले आणि घाबरून स्वतः की-बोर्डवर भरून काढले. नंतर सवयच लागली. आप्पांच्या समोरच्या मॉनिटरमध्येही तोच की-बोर्ड जोरात ठेवायला त्यानं मला कधीचं सांगून ठेवलं होतं. मॉनिटर म्हणजे वाजवणाऱ्याकडे तोंड करून ठेवलेला छोटा भोंगा. लोकांना तो ऐकू येत नाही. स्टेजवरच्या माणसाला स्वतःबद्दल काय ऐकू येणार हे त्या भोंग्यात मी काय सोडतो त्यावर असतं.

"त्यांना वाटतं सूर अजून लागतोय," विलास म्हणाला. "कळलं तर ते वाद्य खोक्यात ठेवून मालेगावला निघून जातील. पुन्हा हात लावणार नाहीत. काका, झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आप्पांची मूठ की तुझ्या बँडची?"

तो उठूनच गेला. मला त्याची माया खरी वाटली, पण पुरती नाही. आप्पांसाठी करत असेल, मान्य. पण फुटका सूर बँडच्या नावाला लागू नये, हेही त्यात असणारच. माणूस एका कारणासाठी क्वचितच खोटं बोलतो. आणि मी आता अडकलो होतो. सेक्रेटरींना सांगितलं तर म्हातारा माणूस चारचौघांत उघडा पडणार. नाही सांगितलं तर माझ्या शब्दाला अर्थ काय?

पाडव्याला अंधार असतानाच आम्ही सामान लावलं. नदीवरून गारठा येत होता. केरू दिव्यापुढे संबळ धरून बसला होता. पहिल्या रांगेत फेटे बांधलेली काही वयस्क माणसं येऊन बसली. मालेगावचे आप्पांचे जुने बँडवाले! भाड्याची जीप करून आले होते. क्लॅरिनेटवाले, ट्रम्पेटवाले, सगळे फुंकून खाणारे. यांचे कान फसणं कठीण, एवढं मला तेव्हाच कळलं.

आप्पा माझ्या टेबलापाशी आले. मला वाटलं, आवाज थोडा वाढव वगैरे सांगतील. ते वाकून हळू बोलले.

"मधुभाऊ, शेवटी ओळख करून देतो ना विलास, एकेकाची. मन्ही बारी येई तव्हय त्यानी पेटी काढी टाक. मना भोंगामाथीन बी, आन लोकेसना भोंगामाथीन बी."

म्हणजे त्यांची पाळी आली की विलासचा की-बोर्ड, ज्याला ते पेटीच म्हणायचे, दोन्ही भोंग्यांतून बंद करायचा! "आप्पा, तुम्हाला माहीत आहे?"

"दात खोटा शेतस, कान नही." ते हसले, कवळी जराशी हलली. "मी दम घेस. पेटीले दम लागस नही."

"किती दिवसांपासून?"

"पहिलापासून. पोऱ्याले वाटे माले समजत नही. मी बी म्हटलं, राहू दे, त्याना जीवले बरं वाटस." मग त्यांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. "पन आज त्या बठेल शेतस. त्यासनी मना दम वळखेल शे."

आणि ते गेले. इथे मात्र माझ्या डोक्यात भुंगा सुरू झाला. विलास म्हणतो आप्पांना माहीत नाही. आप्पा म्हणतात विलासला माहीत नाही की आप्पांना माहीत आहे. दोघांमध्ये काही धुसफूस तर नाही? माझ्या हातून एकमेकांचा काटा काढायचा बेत तर नाही? की-बोर्ड बंद केला आणि आप्पांचा सूर फुटला, तर सगळं खापर माझ्या डोक्यावर. वड्याचं तेल वांग्यावर! आणि सेक्रेटरी शाल पांघरून माझ्या पाठीशी उभे.

कार्यक्रम रंगला. उजाडत आलं तसे लोक वाढले. शेवटी ओळखीची वेळ आली. या बँडांमध्ये ओळख बोलून करत नाहीत. एक चाल गोल गोल फिरत राहते, म्होरक्या नाव घेतो, आणि ज्याचं नाव घेतलं तो आपल्या वाद्यातून उत्तर देतो. नाव पुकारलं आणि तो एकटा निघाला की तो काय आहे ते लोकांना कळतं.

"संबळावर, केरू!" केरूनं असा कडकडाट केला की झाडावरचे पक्षी उठले.

"बेस गिटारवर, रेणुका!" तिनं साडेनऊ मात्रांतला एक लांबलचक हिशेब मांडला आणि मान न हलवता समेवर आणून ठेवला.

"सॅक्सोफोनवर आमचे गुरू, आप्पा!"

मी विलासच्या की-बोर्डचं बटण खाली ओढलं, दोन्हीकडचं.

विलासची बोटं पट्ट्यांवर चालत होती आणि काही येत नव्हतं. त्यानं झटकन माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं नाही, आप्पांकडे बघत होतो. आप्पांनी 'कांद्याची चाळ' धरली होती. खालून वर गेले, आणि पहिल्याच उंच सुरावर आवाज फुटला. चिरका, उघडा. मागून कोणीतरी हसलं. मालेगावच्या फेट्यांमधला एकही हलला नाही.

"काय झालं?" सेक्रेटरी माझ्या कानात म्हणाले.

मी मशीनवर वाकलो. माझा हात विलासच्या बटणावर होता. एवढंसं वर ढकललं असतं की सगळं झाकलं गेलं असतं. देवा शप्पथ, ढकलणारच होतो.

तेवढ्यात आप्पांनी सॅक्सोफोन गळ्यातल्या पट्ट्यावर सोडला. केरू आणि रेणुका ताल धरून होते. आप्पांनी खिशातून रुमाल काढला, सगळ्यांसमोर कवळी काढली, रुमालात गुंडाळली, दोन पावलं टाकून ती पुरचुंडी विलासच्या की-बोर्डवर ठेवली, बरोबर पट्ट्यांवर. विलासनं दोन्ही हात वर उचलले, चटका बसल्यासारखे.

आप्पांनी वाद्याचं तोंड नुसत्या ओठांत घेतलं. तीच चाल त्यांनी खालच्या सुरांत सुरू केली. उंच सुराकडे गेलेच नाहीत. जिथे चाल वर चढायची तिथे ते थांबायचे, दम घ्यायचे, आणि तो दम सगळ्या मैदानाला ऐकू यायचा. आवाज मऊ झाला होता, थोडा भरडा, थंडीत जवळ बसून कोणी बोलावं तसा. केरू काठ्या ठेवून बोटांनी वाजवायला लागला. रेणुकानं डोळे मिटलेले मी पहिल्यांदाच पाहिले. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याच्या गालावरून सरळ पाणी वाहत होतं आणि तो ते पुसत नव्हता.

सेक्रेटरींनी माझा खांदा दाबला. "मधुभाऊ, हे खरं वाजतंय ना?"

मी माझे हेडफोन काढले आणि त्यांच्या कानांवर चढवले. आप्पांना एकटं त्यांच्या कानात सोडलं. हेडफोन परत द्यायचं त्यांना सुचलंच नाही.

आप्पा थांबले. टाळ्या किती झाल्या ते मी सांगत नाही, साउंडवाल्याला टाळ्या म्हणजे माइकमध्ये शिरणारा गोंगाट. आता विलासचं नाव उरलं होतं. ते तो स्वतःच सांगायचा. पण तो पट्ट्यांवरच्या पुरचुंडीकडेच बघत उभा होता. मग आप्पांनीच त्याच्यासमोरचा माइक ओढला, आणि बिनदातांच्या तोंडानं बोलले.

"आन हाऊ विलास. न्हाना व्हता तव्हय मना बँडना मांगे पये. आज बी मना मांगेच उभा ऱ्हास, मी पडू नको म्हणीसन. पन पोऱ्या, आज मी पडनू, आन उठनू बी. आते तू वाजाड, तुनं."

विलास हसला. त्यानं ती पुरचुंडी दोन्ही हातांनी उचलली, कपाळाला लावली आणि झब्ब्याच्या खिशात जपून ठेवली. मग की-बोर्डवरचं एक बटण दाबून पट्ट्यांवर बोटं ठेवली.

मी त्याचं बटण वर केलं. आणि सेक्रेटरींच्या डोक्यावरून हेडफोन जवळजवळ हिसकावून घेतले. काय करणार, स्वभावाला औषध नाही. विलासला एकटं ऐकलं, नीट, शेवटच्या सुरापर्यंत. तीच चाल, पण नुसती पेटी होती. तिच्या आड सॅक्सोफोन नव्हता, आणि आप्पा जिथे दम घ्यायचे तिथे तीही थांबत होती.